खुल्या गटातल्या मुलीच्या इंजिनिअरिंगला फीची सवलत नक्की किती धरायची? (सांगली)

तासगावचा पालक
मुलीला कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) सांगलीत खासगी विनाअनुदानित कॉलेज मिळालंय. प्रवर्ग खुला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला २ लाख १० हजारांचा. ‘मुलींना फी माफ’ म्हणतात, तरी कॉलेज पैसे मागतंय. पुतण्या साताऱ्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यालाही काही मिळेल का?

कृष्णाकाठ
दादा, माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचीच आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस त्यात येत नाही. शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयातली १०० टक्के सवलत ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ईडब्ल्यूएसचा दाखला नसेल तर राज्याच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मीच मिळेल. समजा शिक्षण शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १२ हजार. दाखला असेल तर खिशातून १२ हजार, नसेल तर ६२ हजार. दाखला राज्याच्याच नमुन्यात काढा, केंद्राचा वेगळा असतो. प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातला किंवा अभिमत विद्यापीठातला असता तर हे काहीच मिळालं नसतं.

मिरजवाला
या सवलतीसाठी महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या डेस्कवरून ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो, आणि मुलांना महिनोन्‌महिने पत्ता नसतो. दर आठवड्याला लॉगिन करून बघा. नावातला फरक आणि मुदत संपलेला दाखला यावर फॉर्म हमखास अडकतो.

पैसे अडकतात ते आधारमुळे. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं, खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारला जोडणं वेगळं. रक्कम शेवटी जोडलेल्या बँकेत जाते, मग ते शाळेतलं बंद पडलेलं खातं का असेना. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ आजच बघा.

अजिंक्यतारा
पुतण्यासाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्रीय शिष्यवृत्ती बघा. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पदवीची तीन वर्षं दरवर्षी १२ हजार. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; ८० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ८० मुलांच्या पुढे. दोन्ही एकच समजून पात्र मुलं अर्जच करत नाहीत. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असेल तर ही मिळत नाही, म्हणून आधी दोन्ही रकमा ताडून बघा. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात असेल तर ‘कमवा आणि शिका’ची चौकशी तिथल्या ऑफिसात जरूर करा.

तासगावचा पालक
ईडब्ल्यूएसचा दाखला अजून काढलेला नाही. उद्याच सेतूत जातो.

कृष्णाकाठ
जाताना शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा जुना पुरावा न्या. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून घराणं महाराष्ट्रात असल्याचा कागद मागतात. आजोबांच्या नावचा सातबारा किंवा शाळेचा उतारा शोधून ठेवा.