मदत हवी आहे: एक्सरे फिल्मवर फोटो काढतोय, निगेटिव्हवर नुसते ओरखडे

नमस्कार मंडळी, धागा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आजोबांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता. तो बंद होऊन जमाना झाला पण त्यांचा वागीश्वरी फुल प्लेट कॅमेरा माळ्यावर तसाच होता (केरळात अलेप्पीला बनायचे हे, लाकडी). भात्याला (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घडीची पेटी) दोन कोपऱ्यांत चिरा होत्या त्या काळ्या टेपने बुजवल्या, लेन्स पुसली, तीन डार्क स्लाईड (फिल्म अंधारात भरून कॅमेऱ्याला लावायच्या चौकटी) धड निघाल्या. फुल प्लेट म्हणजे ६.५×८.५ इंच. या मापाची फिल्म बाहेरून मागवायची तर एका शीटच्या पैशात आमचं अख्खं घर मिसळ खाऊन येईल, म्हणून एक्सरे फिल्म.

पहिला घोळ आधीच सांगून टाकतो, हसा. एका मित्राच्या ओळखीने स्कॅन सेंटरमधून दहा शीट फुकट आणल्या, दहा फोटोंची स्वप्नं बघितली, दोन काढले, डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उठवणारं द्रावण) वीस मिनिटं हलवत बसलो तरी काहीच येईना. मग कळलं ती ड्राय फिल्म, प्रिंटरमध्ये उष्णतेवर छापतात ती, तिला डेव्हलपरशी देणंघेणंच नाही.

मग एका डीलरकडून खरी ओली फिल्म आणली, ग्रीन सेन्सिटिव्ह, ८×१०, कारण ६.५×८.५ त्याच्याकडे नव्हती. बाथरूममध्ये लाल झिरोचा बल्ब लावून पेपर कटरवर कापतो. स्लाईड काचेच्या प्लेटची असल्यामुळे मागे जुनी काच आणि तिच्यावर फिल्म असं भरतो. आयएसओ (फिल्मचा वेग) ८० धरतोय, सावलीत एफ ४५ ला (लेन्सचं भोक अगदी बारीक) लेन्सची टोपी एक सेकंद काढायची, शटर वगैरे नाहीच. डेव्हलपर डीलरनेच दिलेली एक्सरेची पावडर, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण स्ट्राँग, पाच मिनिटं. ट्रे म्हणजे बायकोचा फ्रीजमधला प्लास्टिक ट्रे, खाली रेघा रेघा असतात तो. (परत मागू नये अशी विनंती केली आहे.)

आज्जीला परड्यात तुळशीपाशी बसवून सहा फोटो काढले. निकाल असा:

एक तर ओरखडे. मांजराच्या पिल्लाने नखं मारावीत तसे, सगळे एकाच दिशेने आणि दोन्ही बाजूंनी. फिल्म बोटाने उलटली की त्या जागी जेली सोलल्यासारखी निघते. आज्जीचं नाक एका निगेटिव्हमध्ये नाहीच.

दुसरं, मधले टोन गायब. आज्जीचं पांढरं पातळ म्हणजे खडू, सावली म्हणजे डांबर. मागच्या पत्र्यावर ऊन पडलं होतं त्याच्याभोवती धुकं पसरल्यासारखी कडा आलीय.

तिसरं, कडेची जी पट्टी स्लाईडच्या खाचेत झाकलेली असते ती पारदर्शक यायला पाहिजे ना? ती राखाडी येतेय.

आणि कुंकू. आज्जी अजून ठसठशीत लावते, लालभडक. फोटोत कपाळावर शाईचा डाग पडल्यागत काळं ठिक्कर. आज्जी म्हणाली, "ह्ये काय बुक्का लावलाईस रं मला?"

तर प्रश्न असा की फिल्मच अशी असते का माझं काही चुकतंय? आणि चुकत असेल तर आधी काय सुधारू, कारण एकदम सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्रतिसाद: जांभळी_शाई
कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही पण आज्जींना साष्टांग. बुक्का वाचून ऑफिसात फुटले.

प्रतिसाद: लालदिवा
तीस वर्षं एक्सरे टेक्निशियन होतो, त्यामुळे राहवलं नाही.

ही फिल्म ट्रेसाठी बनलेलीच नाही हो. आम्ही ती स्टीलच्या हँगरला चार कोपऱ्यांत अडकवायचो आणि उभ्या टाकीत बुडवायचो, डेव्हलपर, पाणी, हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), परत पाणी, वाळेपर्यंत हँगरवरच. फिल्मला कशाचा स्पर्शच नाही. तुम्ही रेघा असलेल्या ट्रेमध्ये ती सरकवताय, मग दुसरं काय होणार.

दोन्ही बाजूंनी का? कारण इमल्शन (उजेड टिपणारा जेलीचा थर) दोन्ही बाजूंना असतं. कॅसेटमध्ये (एक्सरे काढताना फिल्म ठेवतात ती चपटी पेटी) फिल्मच्या पुढे-मागे एकेक स्क्रीन असते, एक्सरे पडला की त्या स्क्रीन हिरव्या चमकतात (जुन्या निळ्या चमकायच्या) आणि खरं तर फिल्म त्या उजेडाने उठते, म्हणजे पेशंटला किरणांचा डोस कमी लागतो. म्हणून तर बॉक्सवर ग्रीन किंवा ब्लू लिहिलेलं असतं. बॉक्स हरवला तर ओल्या बोटाने कोपरा दाबून बघा, दोन्ही अंगांनी चिकट लागला तर डबल. आणि पुढच्या वेळी कुणी फुकट दिली तर आधी एक कोपरा कापून गरम इस्त्रीखाली धरा, काळा पडला तर ड्राय, नमस्कार करून परत द्या.

हँगर भंगारात मिळतात. जिथे डिजिटल आलंय तिथे अडगळीत पडून असतात. तुमच्या ६.५×८.५ मापाचे पण असायचे. तोवर ट्रेच्या तळाशी काच टाका, एका वेळी एकच शीट, नखं कापून. आणि पाण्याचं तापमान किती? कोल्हापुरात आत्ता नळाला २८-३० असेल, त्यात इमल्शन फुगून लोण्यासारखं होतं. बर्फ ट्रेच्या बाहेर परातीत ठेवा, आत नको, २० अंशांवर आणा.

प्रतिसाद: भाता_आणि_भिंग
लालदिवा काकांना +१. बाकीचं मी सांगतो, मी यात दोन बॉक्स वाया घालवलेत.

ती पावडर फोटोसाठी फार जहाल आहे. डॉक्टरला बारीक फरक ठळक दिसायला हवा, तुम्हाला नेमकं उलटं हवंय. डी-२३ घरी करा, लिटरभर पाण्यात मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, बस, मेटॉल आधी. तो १:१ पातळ करून वापरा, आणि ऊन-सावली जास्त असेल तर अजून पातळ. रोडिनल हा तयार डेव्हलपर मिळाला तर १:१०० पण छान चालतो. लाल उजेडात बघत बघत धुता येतं हीच तर या फिल्मची मजा, पाहिजे तिथे थांबायचं.

कडेची राखाडी म्हणजे फॉग (नको तो उजेड लागून आलेला काळेपणा), आणि माझा संशय त्या झिरोच्या बल्बवर आहे. वरचा रंग पातळ असतो, आतून पांढरा उजेड गळतो. कापलेली पट्टी बल्बखाली ठेवा, वर रुपयाचं नाणं, पाच मिनिटं थांबा, मग धुवा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब कचऱ्यात. लाल एलईडी घ्या आणि तो पण असाच तपासा.

पत्र्याभोवतीचं धुकं म्हणजे हॅलेशन. साध्या फिल्मला पाठीमागे उजेड शोषणारा थर असतो, हिला नाही, वर तुम्ही मागे काच लावलीय, म्हणजे आरसाच. काच काढू नका, नाहीतर फिल्म मागे सरकून फोकस जाईल, फक्त दोघांच्या मध्ये काळा मॅट कागद घाला. पूर्ण जाणार नाही, कमी होईल. मॅमोग्राफीची फिल्म मिळाली तर ती एकाच बाजूची असते आणि मागे तो थरही असतो, पण ती शोधण्यात चपला झिजतील.

कुंकवाला मात्र इलाज नाही. फिल्मला लाल दिसतच नाही. ज्या कारणाने लाल दिवा चालतो त्याच कारणाने कुंकू काळं येतं.

प्रतिसाद: सुपारीबाग
मागचं इमल्शन ब्लीचने काढून टाकायचं, फिल्म वाळल्यावर काचेला चारी बाजूंनी टेप लावून मागून पातळ ब्लीच फिरवायचं, ओरखडे निम्मे आपोआप गेले आणि शार्पनेस वाढला. निगेटिव्ह पातळ होतं, तेवढं आधीच जास्त गडद धुवायचं.

प्रतिसाद: भाता_आणि_भिंग
एनलार्ज करणार असाल तर ठीक. यांना फुल प्लेटचा कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह कागदावर टेकवून त्याच मापाचा फोटो) काढायचा आहे, त्यात मागच्या थराचा फरक नजरेला येत नाही. टेपखालून एक थेंब आत गेला तर आज्जींचं उरलेलं तोंडही जाईल. मी तरी करणार नाही.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार, विशेषतः लालदिवा काका. सांगितल्याप्रमाणे एकेक बदललं.

नाणं ठेवलं. गोल तर आलाच, लक्ष देऊन बघितल्यावर काठ पण कळत होता. बल्ब गेला, एलईडी आला, तोही तपासला, कडा आता स्वच्छ. ट्रेमध्ये फोटो फ्रेमची काच बसवली, पाणी २१ वर, ओरखडे सहावरून एकावर, तो पण कापतानाचा. डी-२३ ने तर कमाल केली, पातळाच्या निऱ्या मोजता येतायत आणि तुळशीमागचा अंधारातला कोनाडा पण दिसतोय. पत्र्याचं धुकं आहे थोडं, मी कॅमेराच फिरवला आणि पत्रा फ्रेमबाहेर घालवला. हँगर अजून शोधतोय.

कुंकवाचं म्हणाल तर आज्जीला सांगितलं की फिल्मला लाल दिसत नाही. तिने पिंजर पुसून हळदीचं बोट लावलं आणि परत बसली. ते पण काळपटच आलं, पण तिला चाललं.

प्रतिसाद: लालदिवा
शाब्बास. आता ८×१० कापत बसू नका, १४×१७ घ्या. मधोमध आडवी-उभी कापली की ७×८.५ चे चार तुकडे, प्रत्येकाचा अर्धा इंच काढला की तुमची फुल प्लेट. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या नाण्याच्या टेस्टला ठेवा.

धागाकर्ता
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं! डीलर ५० शीटचं खोकं म्हणतोय, सुटं देत नाही. म्हणजे २०० फुल प्लेट. एवढी आज्जी एका जागी बसायची नाही. सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीकडचं कुणी अर्धं खोकं घेणार असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, कापून देईन.