विषय: विमान वेळेवर उडालं, आई-बाबा सीना नदीच्या अलीकडं. प्रवास विम्याचा क्लेम नाकारलाय, काय करता येईल?

बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५
परंड्याचा, सध्या फ्रँकफर्ट

नमस्कार मंडळी,

दोन महिने मनात धरून बसलोय, आज लिहितो. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून आई-बाबांचं मुंबईहून तिकीट काढलं होतं, २३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे २४ च्या पहाटेचं. देवीचे घट बसवूनच निघणार, एवढी एकच अट आईची. घट २२ ला बसले आणि त्या रात्रीच पाऊस कोसळला.

आमच्याकडून पुण्याकडं जायचं तर सीना ओलांडावीच लागते. २३ ला सकाळी जवळचे सगळे पूल पाण्याखाली. तालुक्यात माणसं काढायला हेलिकॉप्टर आलं होतं, यावरून कल्पना करा. चुलतभावानं भूम, जामखेड करत नगरवरून गाडी काढली. मुंबईला पोचले तेव्हा विमान जाऊन अडीच तास झाले होते. काउंटरवर 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलेच नाहीत असा शेरा लागला आणि परतीचं तिकीट त्याच बुकिंगमधलं म्हणून तेही रद्द. नवीन तिकिटं काढून पाच दिवसांनी आले. बाळ त्याच्या दोन दिवस आधी झालं.

परवा विमा कंपनीचं पत्र आलं. विमान वेळेवर सुटलं, विलंब झालेला नाही, सबब क्लेम नामंजूर. बाबा फोनवर नाहीत, आता समोर बसून विचारतात, "पूर आला ही सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं, मग ह्यास्नी आजून कसला पुरावा पायजे?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.


बुधवार, २६ नोव्हेंबर, रात्री
नांदेडची, सध्या माइन्त्स

दादा,

बाळ-बाळंतीण ठीक आहेत ना? आई-बाबा सुखरूप पोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडं येण्याआधी मी पुण्यात अकरा वर्षं विमा क्लेमच्या फायली हाताळल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांचा प्रश्न खराच आहे. पण पूर आला होता का, हे पॉलिसी बघतच नाही. कलमात लिहिलेली गोष्ट घडली का, एवढंच ती बघते. 'ट्रिप डिले' म्हणजे विमानाला अमुक तासांपेक्षा जास्त उशीर. 'मिस्ड कनेक्शन' म्हणजे आधीच्या विमानाला उशीर झाला म्हणून पुढचं हुकलं. तुमच्या बाबतीत विमानाला काहीच झालं नाही. पाणी आडवं आलं ते रस्त्यावर, आणि तेही खासगी गाडीच्या वाटेत. या दोन कलमांवर भांडाल तर हराल. हे वाईट वाटेल, पण आत्ताच सांगितलेलं बरं.

आपल्या भागातल्या माणसाचं नुकसान नेमकं इथंच होतं, आणि मला त्याचा फार त्रास होतो. मुंबईकराला विमानतळ तासाभरावर. आपल्याला परंडा, देगलूर, गेवराईहून मुंबई नाहीतर हैदराबाद गाठायचं, वाटेत सीना, मांजरा, बिंदुसरा, गोदावरी. सप्टेंबरच्या शेवटी जायकवाडीतून ३ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं, तेव्हा नांदेडला आमच्या घरचे रात्रभर जागे होते. अशा दिवसांत प्रवासाचा सगळ्यात धोक्याचा टप्पा म्हणजे घर ते विमानतळ, आणि बहुतेक पॉलिसी तोच टप्पा सोडून देतात. काहींमध्ये 'मिस्ड डिपार्चर' नावाचं कलम असतं, त्यात हा टप्पा धरलेला असतो. पण त्यातही साधारणपणे एसटी, रेल्वे, विमान अशी सार्वजनिक वाहतूक अडकलेली लागते. पुढच्या पावसाळ्यात कुणाचे आई-वडील येणार असतील तर पॉलिसी घेण्याआधी एवढं एक कलम शोधा आणि शक्य असेल तर त्यांना रेल्वेनं मुंबईला पाठवा. रेल्वे अडकली तर हातात कागद मिळतो, चुलतभावाची गाडी अडकली तर मिळत नाही.

आणखी एक. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. नुसत्या त्या अटीपुरती घेतलेली पॉलिसी दवाखान्याचं आणि मायदेशी परत नेण्याचं बघते. खोळंब्याचं कलम त्यात असेलच असं नाही. आपल्यातले बरेच जण व्हिसा मिळाला की पॉलिसीचे कागद उघडूनही बघत नाहीत.

आता तुमचं काम. पॉलिसीच्या पूर्ण मजकुरात, एका पानाच्या सर्टिफिकेटात नव्हे, 'ट्रिप कॅन्सलेशन', म्हणजे प्रवास रद्द करावा लागल्याचं कलम वाचा. काही कंपन्या निघण्याच्या आधी राहत्या घराचं पूर, आग किंवा भूकंपानं नुकसान झालं तर ते कारण मान्य करतात. तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का? तलाठ्यानं पंचनामा केला का? तारीख काय पडलीय त्यावर?

विमान कंपनी भारतीय असेल तर तिच्याकडं वेगळा अर्ज करा. प्रवास झाला नाही तर सरकारी कर आणि विमानतळाचं यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं) शुल्क परत करायला लागतं, नो-शो असला तरी. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा तसा नियम आहे. रक्कम मोठी नसते, पण ती आपली आहे.


गुरुवार, २७ नोव्हेंबर
संभाजीनगरचा, सध्या डार्मश्टाट

ताई, याच धाग्यात विचारतो. माझा भाऊ आखातात असतो. चुलत बहिणीच्या लग्नाला निघाला होता. याच महिन्याच्या २३ तारखेला इथिओपियात हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान करत आपल्याकडं आली आणि त्याचं मुंबईचं विमान रद्द झालं. पुढं मुंबई ते चिकलठाणा, म्हणजे आमचं संभाजीनगरचं विमानतळ, वेगळं तिकीट होतं, दुसऱ्या कंपनीचं. पहिल्यांनी पैसे परत केले. दुसरे म्हणतात, आमचं विमान गेलं, तुम्ही आला नाहीत. हळद हुकली त्याची, लग्नाला कसाबसा पोचला. आता विमा कंपनी विमान रद्द झाल्याचं कारण लेखी मागतेय आणि त्याच्याकडं फक्त मोबाइलवरचा संदेश आहे, त्यात लिहिलंय 'ऑपरेशनल कारणास्तव'.


गुरुवार, २७ नोव्हेंबर
नांदेडची

त्या दोन शब्दांवर क्लेम पडू शकतो, म्हणून आजच्या आज पहिल्या कंपनीला मेल करायला सांगा: विमान क्रमांक, तारीख, आणि रद्द होण्याचं नेमकं कारण लेखी द्या. विमानतळावर असतानाच हे पत्र घेतलं तर फार सोपं जातं. नंतर आठवडे जातात. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. काचेचे आणि दगडाचे बारीक कण असतात, इंजिनाच्या उष्णतेनं वितळून पात्यांवर बसतात, म्हणून कंपन्या धोका पत्करत नाहीत.

त्याच्या पॉलिसीत कारणांची यादी असेल ती बघा. 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं असेल तर बरं. नुसतं 'खराब हवामान' असेल तर वाद होतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या राखेनं युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद होतं. तेव्हा राख हवामानात बसते की नाही यावर विमा कंपन्यांचंच एकमत नव्हतं. कुणी देत होतं, कुणी नाही. पॉलिसी २३ तारखेनंतर घेतलेली असेल तर मात्र आशा ठेवू नका, माहीत असलेल्या आपत्तीसाठी संरक्षण मिळत नाही.

चिकलठाण्याच्या तिकिटाचे पैसे मागताना पहिल्या कंपनीनं किती परत केले ते पत्रात स्वतःहून लिहा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. लपवलं असं वाटलं की उरलेला खरा क्लेमही अडकतो.

आपण जर्मनीतले जे आहोत त्यांच्यासाठी: फ्रँकफर्टहून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान युरोपच्या २६१ क्रमांकाच्या, विमान प्रवाशांच्या हक्कांच्या नियमात येतं. मुंबईहून इकडं येणारं विमान मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. राख-पुरात भरपाई म्हणून ६०० युरो मिळत नाहीत, पण खोळंबा होईल तितके दिवस जेवण आणि हॉटेल द्यावंच लागतं. २०१० च्या राखेच्याच प्रकरणात युरोपीय न्यायालयानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलंय. काउंटरवर नाही म्हणाले तर साधं हॉटेल घ्या, पावत्या ठेवा.


रविवार, ३० नोव्हेंबर
परंड्याचा

ताई, पॉलिसी पूर्ण वाचली. ६२ पानं. कलम आहे! निघण्याच्या आधीच्या सात दिवसांत राहतं घर पुरानं राहण्याजोगं राहिलं नाही तर चालतं. आमच्या पडवीत आणि मधल्या खोलीत गुडघाभर पाणी होतं, घटाची माती सुद्धा वाहून गेली. हे आईनं मला आज सांगितलं. दोन महिने बोलली नव्हती, बाळाच्या वेळी कशाला, म्हणून.

पंचनामा २६ सप्टेंबरचा आहे, पाणी २३ च्या पहाटे शिरलं असं त्यात लिहिलंय. अडचण अशी की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदीत, घर अजून आजोबांच्या नावावर आहे, आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली.


रविवार, ३० नोव्हेंबर
नांदेडची

कलम 'राहतं घर' म्हणतंय ना? मग मालकी कुणाची हा प्रश्न नाही, राहतं कोण हा आहे. बाबांचं रेशन कार्ड, वीजबिल आणि आधारवरचा पत्ता जोडा, ग्रामसेवकाचा रहिवासी दाखला घ्या. पंचनाम्याची प्रत शिक्क्याची हवी, फोटो चालणार नाही. विमान हुकल्याबद्दल एक शब्द लिहू नका. घरात पाणी शिरलं आणि त्यामुळं ठरलेला प्रवास रद्द झाला, असंच लिहा, कारण ते खरं आहे.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, धाराशिवसाठी पुण्याचं कार्यालय. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. या तक्रारीला कंपनीचा नकार आल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर ते ३० दिवस सरल्यापासून, एक वर्षाची मुदत असते, आणि क्लेम बाबांच्या नावावर असल्यानं तक्रार त्यांच्याच सहीची लागेल. मसुदा मला पाठवा, मंगळवारपर्यंत बघून देते.


रविवार, ३० नोव्हेंबर, रात्री
परंड्याचा

चुलतभाऊ उद्या सकाळीच परंड्याला तहसीलमध्ये जातोय शिक्क्याच्या प्रतीसाठी. मसुदा बाबांनी सांगितला तसा लिहून घेतोय, पहिलं वाक्य त्यांचंच ठेवलंय: आमच्या घरात २३ तारखेला पहाटे पाणी आलं.