मदत हवी आहे: गावठी × संकरित टोमॅटो, दुसऱ्या पिढीत चवीसाठी निवड कशी करावी?

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात (जि. कोल्हापूर) घरचं बी राखलेला गावठी टोमॅटो आणि कडक सालीचा संकरित वाण यांचा संकर केलाय. दुसरी पिढी फळाला आलीय. चव गावठीची हवी, पण माल गाडीत टिकायला हवा.

कच्च्या फळाला देठाकडे हिरवे खांदे असलेलीच झाडं राखली आहेत. असे खांदे नसलेल्या, एकसारख्या पिकणाऱ्या वाणांत जीएलके२ नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि त्याने साखर घटते, हे २०१२ मध्ये समोर आलं, म्हणून. ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण) रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे रसाचा थेंब टाकून पाहायच्या छोट्या उपकरणाने, मोजतो. फळ झाडावरच पिकलेलं, फ्रिजमध्ये न ठेवलेलं. पाणी, खत सगळ्यांना सारखं. अडचण अशी की जास्त ब्रिक्सची बहुतेक झाडं बारीक फळांची निघताहेत. शिवाय ब्रिक्समधून वास कळत नाही, आणि माझ्या मते टोमॅटोची निम्मी चव वासातच असते. डीएनए मार्कर चाचणी (झाडात हवं ते जनुक आहे का हे पाहणारी प्रयोगशाळेतली तपासणी) परवडणार नाही, जागाही थोडीच आहे.

तर आत्ताच एकेका झाडावर निवड करावी, की बऱ्याच झाडांचं थोडं थोडं बी धरून तिसऱ्या पिढीत ओळींची (एका झाडाच्या बियांची एक ओळ) सरासरी पाहावी? आणि ब्रिक्सची फळाच्या वजनाशी सांगड कशी घालता?