जावळ काढल्यावर केस खरंच दाट येतात का?

पांझराकाठ:
मुलगी ११ महिन्यांची. चैत्रात एकवीरा देवीला जावळ ठरलंय. केस विरळ आहेत, मागे तर मध्यंतरी चकती पडली होती. मोठी मंडळी म्हणतात, "दोनदा तासलं म्हणजे दाट येतीन." वस्तऱ्याचा मुळावर नेमका काय परिणाम होतो?

केशमूळ:
काहीच नाही. वस्तरा चालतो तो केसाच्या मेलेल्या भागावर. केस घडतो कातडीखाली, मुळाच्या कंदात. तिथल्या पेशी भराभर वाढतात, वर सरकताना केराटिन नावाच्या प्रथिनाने कडक होऊन मरतात. वेग महिन्याला साधारण १ सेंमी.

डोक्यावरची सुमारे १ लाख मुळं आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नवी येत नाहीत. उलट डोकं मोठं होतं तशी ती एकमेकांपासून लांब जातात.

मग दाट का वाटतात? पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, आठवा. शेंडा हाताला लवतो, कापलेला बुंधा टोचतो. केसाचंही तेच, निमुळतं टोक गेलं की पूर्ण जाडी हाताला लागते. शिवाय पहिल्या दोनेक वर्षांत बाळाचे मऊ केस गळून त्याच मुळांतून जाड केस येतात. जावळ नेमकं त्याच काळात निघतं आणि श्रेय वस्तऱ्याला मिळतं! मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीचे केस मोजून हा समज खोडला होता.

पांझराकाठ:
आणि ती चकती? उशीमुळे ना?

केशमूळ:
उशीला उगाच बोल लागतो. मागचे केस जन्माच्या सुमारास एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मोठ्यांत प्रत्येक मुळाची पाळी वेगळी असते : वाढ २ ते ६ वर्षं, आकुंचन २-३ आठवडे, विश्रांती सुमारे ३ महिने. म्हणून रोज ५०-१०० केस गळूनही चकती दिसत नाही.

तापीतीर:
काढतानाचं सांगतो. टाळू बहुतेकदा १२ ते १८ महिन्यांत भरते, म्हणजे अजून मऊ असेल. तिथे दाब नको. मशीन चालत असेल तर उत्तमच. वस्तराच हवा असेल तर पातं डोळ्यांसमोर नवं लावून घ्या. आधी कात्रीने केस बारीक करा, कोमट पाण्याने भिजवून ५ मिनिटं थांबा, मग केसांच्या दिशेने चालवायला सांगा. कोरड्या डोक्यावर पातं अडकतं आणि कापतं. मामाने नुसते हात धरून भागत नाही, मूल मान झटकतं. डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच धरावं. कापलंच तर स्वच्छ पाण्याने धुऊन कापड दाबून धरा, हळद भरू नका. आणि आपल्याकडचं चैत्राचं ऊन माहीतच आहे, सकाळी लवकर उरका; उघडी कातडी भाजते, सुती टोपी सोबत ठेवा.