मामा हार्वर्डला होता, भाचीला ॲडमिशनला फायदा होतो का?

विश्रामबागकरीण: मुलगी बारावीला. माझा भाऊ हार्वर्डला मास्टर्स करून तिकडंच राहिलाय. सासूबाई सारखं म्हणतात, मामाचा वशिला लागंल की, फॉर्म भर. खरंच चालतं का असं?

कृष्णाकाठ: चालतं ताई, त्याला लेगसी म्हणतात, पण मामा नाही चालत, आई नाहीतर बाप लागतो आणि तोही हार्वर्ड कॉलेजातनं पदवी घेतलेला, नुसतं मास्टर्स धरत नाहीत. हार्वर्डच्या ॲडमिशनवरून झालेल्या कोर्टाच्या केसमध्ये आकडे बाहेर आले, लेगसीवाल्या पोरांना साधारण 33 टक्के ॲडमिशन अन् बाकीच्यांना 6 च्या आसपास. आता बोला!

मिरजेचा_बाप: अमेरिकेतली एमआयटी लेगसी बघतच नाही. कॅलिफोर्नियात तर 2024 ला कायदा करून खासगी कॉलेजांनाही बंदी घातली. आपल्याकडचं सांगू का, पोराच्या वेळी ट्रस्टींची चिठ्ठी घेऊन एका कॉलेजात दोन तास बाकड्यावर बसलो, क्लार्कनं न वाचता घडी करून परत दिली, म्हणाला कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला या. राग आला तेव्हा, पण बरोबर होता बिचारा.

विश्रामबागकरीण: धन्यवाद. सासूबाईंना भावालाच सांगू दे, माझं ऐकणार नाहीत.