मदत हवी आहे: शाळेतल्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत (आणि आम्ही मॅडमही)

खडूवाली

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. पट १४० च्या आसपास. शाळेची आरोग्यदूत म्हणून माझं नाव लागलेलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम २०२० साली सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक निवडतात, शक्यतो एक मॅडम आणि एक सर. ११ विषय आहेत, पोषण-स्वच्छतेपासून इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत. दर आठवड्याला तास घ्यायचा.

तास होतो. मुली मन लावून ऐकतात. पाणी किती प्यावं विचारलं की उत्तर धडाधड येतं. आणि सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जाते.

मुलींचं स्वच्छतागृह आहे. टाइल्स आहेत, बाहेर हात धुणाऱ्या मुलीचं चित्रही रंगवलंय. आत नळाला पाणी नाही. एक बादली भरून ठेवतो, ती मधल्या सुट्टीतच संपते. एका दाराची कडी लागत नाही, त्यामुळे एक आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी. दुसऱ्या खोलीला कुलूप, कारण "वापरली की घाण होते, तपासणीला कोणी आलं तर?" किल्ली ऑफिसच्या कपाटात. "मॅडम, एकीला जाऊ?" हा प्रश्न वर्गात मुलंच विचारतात, मोठ्या मुली विचारतच नाहीत. पाळीच्या दिवसांत घरी राहतात.

आमचंही वेगळं नाही. तालुक्याहून येणाऱ्या आम्ही तिघी, सकाळचा चहा टाळूनच निघतो. एका मॅडमना लघवीच्या संसर्गाचा त्रास वारंवार होतो, आणि रजेच्या अर्जावर त्या "ताप" लिहितात.

मुख्य अडचण धुणार कोण ही आहे. शाळेला शिपाई नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान आमच्या पटाला वर्षाला ५०,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. म्हणजे ५,०००. दहा महिने धरले तर महिन्याला ५००, त्यातच फिनाईल, झाडू, साबण. उरलेल्यात वीजबिल, दुरुस्ती, स्टेशनरी. तुमच्या शाळांनी हा पैसा कुठून उभा केला? ग्रामपंचायतीकडे कसं जायचं? प्रबोधनाचे सल्ले नकोत प्लीज, प्रबोधन भरपूर झालंय.

बिनधास्त_बापू

मुलांकडूनच करून घ्या की. आम्ही शाळेत सगळं केलंय, काही बिघडलं नाही.

खडूवाली

बापू, वर्ग झाडणं वेगळं. संडास धुवायला कोणाच्या मुलांची नावं आपोआप पुढे येतात, हे गावात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या शाळेत ते होणार नाही.

कोचीकर

केरळात २०१९ मध्ये शाळांत 'वॉटर बेल' सुरू झाली. दिवसात ठरावीक वेळी घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. नंतर इतर राज्यांनीही उचलली. खर्च शून्य. करून बघा.

खडूवाली

कल्पना चांगली आहे, पण घंटेनंतर अर्ध्या तासाने साठ-सत्तर मुली जातील कुठे? आधी कडी, मग घंटा.

पांढरा_कोट

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलंय म्हणून लिहितो. लघवी तुंबवून ठेवणं आणि पाणी कमी पिणं, दोन्हींनी संसर्गाला वाव मिळतो. मुलांत त्याच्या जोडीला बद्धकोष्ठता येते आणि ती पुन्हा संसर्ग वाढवते. पोटदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींना आधी हे विचारायला हवं. जळजळ असेल, सोबत थंडीताप किंवा कमरेत दुखत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. तुमच्या मॅडमना सांगा, वारंवार होत असेल तर लघवीची कल्चर तपासणी (कोणते जंतू आहेत ते कळतं) करून मगच औषध. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यात लेडी डॉक्टर असते. त्या दिवशी मोठ्या मुलींना तिच्याशी एकट्याने बोलायला अर्धा तास द्या. एरवी वजन-उंचीतच दिवस जातो.

आणि एक महत्त्वाचं. धुताना ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका. क्लोरीन वायू तयार होतो. बंद खोलीत जिवावर बेतू शकतं.

खडूवाली

डॉक्टर, शेवटच्या मुद्द्यासाठी विशेष आभार, आमच्याकडे दोन्ही एकाच कपाटात आहेत. जाता जाता एक: मुली शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी टाळतात, मळमळतं म्हणतात.

पांढरा_कोट

पोषण आहारानंतरच द्या, उपाशीपोटी नको. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आयांना आधीच सांगून ठेवा.

दप्तरी

मी ग्रामपंचायतीच्या बाजूचा माणूस. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित असतो: अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी. शाळेची नळजोडणी, टाकी, स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्यात बसते. पण हा आयोग २०२५-२६ पर्यंतचाच, म्हणून आधी शिल्लक किती ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर पैसा असूनही खर्च करता येत नाही, हे शिक्षकांना कोणी सांगत नाही. आमच्या गावात झाडण्या-धुण्याचं मानधन मात्र स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून जातं. ते सरपंचांच्या मनावर आहे. तोंडी बोलू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून अर्ज द्या, पोच घ्या आणि विषय ग्रामसभेत आणा.

निवृत्त_मास्तर

दप्तरींचं बरोबर, पण ग्रामसभेत शिक्षकाने बोलू नये. उद्या बदलीच्या वेळी आठवण ठेवतात लोक. समितीत निम्म्या महिला असतातच. त्यातली सहावी-सातवीतल्या मुलीची आई गाठा आणि तिला एकदा ते स्वच्छतागृह आतून दाखवा. आमच्याकडे अशाच एका आईने सरपंचांना विचारलं होतं, "तुमची सून जाईल का इथं?" पाण्याची मोटार बसली.

कडीसाठी ठरावाची वाट बघू नका हो, हार्डवेअरच्या दुकानातून आणा आणि उद्याच लावा. कुलपाचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना एकच सांगा: खोली मुलींना उघडी करतो, तपासणीच्या दिवशी धुवायची जबाबदारी आमची. ते घाण करणाऱ्यांना नाही, शेऱ्याला घाबरतात.

खडूवाली

मास्तर, शेऱ्याचं अगदी खरं. कडी आणि स्क्रू आज घेतले. व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, दोन आया यायला तयार आहेत, पण ऊसतोडीला निघायच्या आत ग्रामसभा झाली पाहिजे, नाहीतर त्या सहा महिने सापडायच्या नाहीत. दप्तरी, ठरावात मोटार, टाकी आणि मानधन एकत्र लिहू की वेगवेगळं?

दप्तरी

वेगवेगळे दोन ठराव. मोटार-टाकी-दुरुस्ती एकात, मानधन दुसऱ्यात. एकत्र लिहिलं तर मानधनावर हरकत येते आणि मोटारही लटकते. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.