'लिंबूटिंबू' की 'खिजगणतीत नसलेला'?

प्रश्न : २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेवर लिहिते आहे. ४ जुलैला लिस्बनमध्ये ग्रीसने यजमान पोर्तुगालला १-० असं हरवून अजिंक्यपद मिळवलं. 'अंडरडॉग'साठी 'लिंबूटिंबू संघ' चालेल का?

उत्तर : नको. लिंबूटिंबू म्हणजे नावापुरता खेळायला घेतलेला लहान भिडू. तो आऊट झाला तरी आऊट धरत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही. ग्रीसला असली सूट कुणी दिली होती? पात्रता फेरीत स्पेनला मागे टाकून ते गटात पहिले आले होते. स्पर्धेच्या सलामीलाच त्यांनी याच पोर्तुगालला २-१ असं हरवलं, पुढे गतविजेत्या फ्रान्सला घरी धाडलं. 'खिजगणतीत नसलेला संघ' म्हणा. यात उणेपणा मोजणाऱ्यांच्या पदरी पडतो, खेळणाऱ्यांच्या नाही. आणि ते खरंही आहे. १९८० चा युरो आणि १९९४ चा विश्वचषक, एवढ्याच दोन मोठ्या स्पर्धा ग्रीस त्याआधी खेळला होता, आणि दोन्हींत मिळून एकही सामना जिंकला नव्हता.

आणखी एक मत : शब्द पटला. पण बातम्यांत सर्रास येणारं 'निसटता विजय' इथे टाळावं. निसटता म्हणजे थोडक्यात निभावलेला. फ्रान्स, चेक प्रजासत्ताक, पोर्तुगाल, लागोपाठ तिघांना १-० असं हरवणं हे निभावणं नव्हे. प्रशिक्षक ओटो रेहागेल यांनी प्रतिस्पर्ध्याच्या एकेका आक्रमकामागे एकेक माणूस लावला होता आणि सगळ्यांच्या पाठीशी बचावपटू डेलास उभा. अंतिम सामन्यातला गोल पुन्हा पाहा. ५७ व्या मिनिटाला बासिनासने कॉर्नर घेतला, पोर्तुगालचा गोलरक्षक रिकार्डो पुढे झेपावला, पण त्याआधीच खारिस्तेआसने उंच उडी घेऊन चेंडूला डोकं लावलं होतं. याला 'चिवट विजय' म्हणावं. 'धूळ चारली'ही नको, त्याला एकतर्फी सामना लागतो.

प्रश्न : मग १९९२ चा युरो जिंकणाऱ्या डेन्मार्कलाही 'खिजगणतीत नसलेला'च म्हणू?

उत्तर : म्हणता येईल, पण तिथे 'ऐनवेळी आलेला' हे आधी सांगा. डेन्मार्क पात्रच ठरला नव्हता. युगोस्लाव्हियावर बंदी आली म्हणून त्याला बोलावणं गेलं. अंतिम सामन्यात त्याने जर्मनीला २-० असं हरवलं, तेव्हा मात्र 'धक्कादायक' हा एरवी वापरून गुळगुळीत झालेला शब्द मी बिनदिक्कत वापरेन.